घाटाचे पाणी आणि शहराचा काठ

राजमाची आणि ढाक यांच्या कड्यांनी सह्याद्री जेथे एकदम कोकणात उतरतो, तेथील कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या एक नव्हे, अनेक आहेत. एखाद्या मोठ्या गावाच्या शिवेवर, डोंगराच्या पदरावर किंवा माळाच्या टोकाला, पाचपंचवीस घरांनी वसलेल्या आणि महसुली दप्तरात बहुधा त्या गावाच्या नावाखालीच नोंदलेल्या या वाड्यांतील ठाकूर आदिवासी माणसाला मुंबई मात्र परकी नाही. कर्जत किंवा नेरळ स्थानकावर पहाटेची लोकल धरली की दोन-अडीच तासांत तो दादरला उतरतो, आणि चौक-खालापूरकडचा असेल तर पनवेलवरून नव्या मुंबईत पोहोचतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या शहरांनी आपल्या फावल्या वेळासाठी जी दोन मोठी स्थाने सजवली, म्हणजे एक वातानुकूलित मॉल आणि दुसरा समुद्राचा, नदीचा किंवा तलावाचा बांधीव काठ, त्यांची तुलना नागरिक आपापल्या शहराच्या अभिमानाने करीत असतात. कोणाच्या मॉलमध्ये किती चित्रपटगृहे, कोणाचा फिरण्याचा रस्ता किती किलोमीटर, अशा मोजमापांनी ती भरलेली असते. हीच तुलना ठाकुरवाडीच्या अंगणातून केली, तर मोजमाप बदलते. तेथून आलेल्या माणसाला त्या जागी काही विकत न घेता टेकता येते काय, आणि त्याच्या बायकोला डोक्यावरची पाटी उतरवून भाजी विकता येते काय, असे दोन साधे प्रश्न उरतात. शहराचे औदार्य मोजण्यास मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

हे प्रश्न विचारण्याचा त्या वाड्यांना अधिकार काय, असे कोणी म्हणेल, तर त्याचे उत्तर पाण्यात आहे. इंद्रायणीच्या उगमाकडचे, स्वभावतः पूर्वेस वाहून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळणारे पाणी लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांत अडवून, मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस पाडावे आणि त्या वेगावर वीज निर्माण करावी, ही तजवीज टाटांच्या जलविद्युत कंपनीने केली. खोपोलीचे वीजगृह 1915 मध्ये सुरू झाले. त्यामागोमाग आंध्र खोऱ्यातील पाणी कर्जत तालुक्यातील भिवपुरीस उतरले आणि तेथील वीजगृह 1922 मध्ये चालू झाले. यंत्रातून बाहेर पडलेले पाणी खोपोलीस पाताळगंगेला आणि भिवपुरीस उल्हास नदीला मिळते, म्हणून या दोन नद्या भर उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. वीज मात्र मनोऱ्यांवरून मुंबईकडे निघून गेली. तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक होत्या परळ, लालबाग आणि भायखळ्याच्या कापडगिरण्या. ज्या डोंगरांवरून त्या तारा गेल्या, त्यांच्या कुशीतील वाड्यांत पुढे कित्येक दशके रॉकेलच्या चिमण्याच जळत होत्या.

या तारांचे महत्त्व सर्वांत नेमके ओळखले ते माथेरानच्या एका वकिलाने. 1942 च्या आंदोलनात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने वीज वाहणारे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला, तो गिरण्या आणि युद्धकार्यासाठी चाललेले कारखाने ठप्प करण्याच्या हेतूने. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मुंबईच्या चाकांची किल्ली कर्जतच्या रानात आहे हे ज्ञान त्यानंतर शहराने फारसे जवळ बाळगलेले दिसत नाही.

गिरण्या पुढे थांबल्या, पण त्या कोतवालांच्या करवतीने थांबल्या नाहीत. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालील संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो संप रीतसर कधी संपलाच नाही. गिरण्यांच्या जमिनीचे काय करायचे, यासाठी 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत अशी तरतूद होती की, जमीन विकासास काढताना तिचा एक वाटा शहराला मोकळ्या जागेसाठी आणि एक वाटा सार्वजनिक घरबांधणीसाठी द्यावा. 2001 मधील दुरुस्तीने हा हिशेब सगळ्या जमिनीवर न करता केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीवर करण्याची मुभा मिळाली आणि गिरणीची इमारत असलेली जागा त्यातून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आज जो मॉल उभा आहे, त्यात जुनी चिमणी शोभेसाठी राखून ठेवली आहे. शोभेची वस्तू म्हणून ती वाईट दिसत नाही. तिच्याखाली सावलीला बसलेल्या तरुण मंडळींना येथे तीन पाळ्या चालत होत्या हे ठाऊक नसले, तर त्यात त्यांचा दोषही नाही. घाटाच्या पाण्यापासून झालेली वीज आजही मुंबईच्या जाळ्यात मिसळते. पूर्वी ती माग फिरवी, आता इतर विजेबरोबर काचेची दालने थंड ठेवते.

मॉलची मूळ कल्पना मात्र इतकी निर्लेप व्यापारी नव्हती. व्हिएन्नात जन्मलेला आणि 1938 मध्ये नाझींच्या भयाने अमेरिकेत गेलेला वास्तुकार व्हिक्टर ग्रून याने मिनियापोलिसजवळ साउथडेल येथे 1956 मध्ये पहिला पूर्णतः बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला, तेव्हा त्याच्या मनात व्हिएन्नाचा चौक होता. मोटारींनी विखुरलेल्या उपनगरांना चालण्या-बोलण्याची एक जागा मिळावी, दुकानांबरोबर शाळा, दवाखाने, घरे तिच्याभोवती यावीत, असा त्याचा संकल्प होता. आली ती दुकाने आणि वाहनतळ. उतारवयात ग्रूनने या संततीचे पितृत्वच नाकारले. चौक आणि मॉल यांत भेद मालकीचा आहे, हे त्याला उशिरा उमगले. चौकातून माणसाला हुसकावण्यास कायदा लागतो. मॉलमधून हुसकावण्यास मालकाची इच्छा पुरते.

मुंबईला हा धडा पहिल्याच वर्गात मिळाला. हाजी अलीजवळ 1999 मध्ये उघडलेला क्रॉसरोड्स हा शहराचा पहिला मोठा मॉल. आणि तो पाहण्यासाठी इतकी गर्दी लोटली की व्यवस्थापनाने आरंभी दारातच निवड सुरू केली. मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे, नाहीतर प्रवेशशुल्क भरावे. त्या काळी मोबाइल ही थोरामोठ्यांच्या खिशातली वस्तू होती. आक्षेप आले आणि तो नियम मागे घ्यावा लागला. पुढच्या मॉलांनी असा उघड नियम केला नाही, कारण त्याची गरजच उरली नाही. चकचकीत फरशी, पोशाखी रखवालदार आणि पिशवीची तपासणी एवढ्याने, ज्याला आत जायचे नाही असे वाटायला हवे, त्याला तसे आपोआप वाटू लागते. ठाकुरवाडीची तरुण पोरे हा अडथळा आता सहज ओलांडतात, जीन्स घालून, फोटो काढून, वरच्या मजल्यापर्यंत जाऊन येतात. त्यांच्या आया ओलांडत नाहीत.

तरीही मॉलला केवळ नावे ठेवणे अन्यायाचे होईल. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या बाबतीत आमच्या महापालिकांनी स्त्रियांची जी परवड केली आहे, तिच्या पार्श्वभूमीवर मॉलमधले स्वच्छ, फुकट आणि निर्धोक स्वच्छतागृह ही लहान सोय नव्हे. मे महिन्यात वृद्धांना गारवा, पावसाळ्यात मुलांना कोरडी जमीन, आणि कॉलेजातल्या मुलीला रात्री नऊपर्यंत मैत्रिणींसोबत बसण्याची बिनधोक जागा, हे मॉलने दिले आणि त्या मोबदल्यात फार तर एका कॉफीची अपेक्षा केली. नव्या मुंबईतील सीवूड्सचा मॉल तर रेल्वे स्थानकाच्या डोक्यावरच बांधलेला आहे. 2017 मध्ये तो उघडला आणि गाडीतून उतरलेला प्रवासी जिन्याने थेट दुकानांत पोहोचू लागला. स्थानक ही कोणालाही मज्जाव नसलेली जागा असल्यामुळे, तिच्या संगतीत हा मॉल इतरांहून थोडा मोकळा वाटतो, असे माझे निरीक्षण आहे.

या सीवूड्सच्या नळांना येणारे पाणी खालापूर तालुक्यातले. चौकच्या बाजूला धावरी नदीवर बांधलेले मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. दिवसाला 450 दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता सांगितली जाते, आणि स्वतःच्या मालकीचे धरण असलेली महापालिका म्हणून त्या शहराला त्याचे सार्थ कौतुकही आहे. एकाच जलाशयाच्या जिवावर शहरातील कारंजी, मॉलची शीतन-यंत्रे आणि लाखो घरांची स्वयंपाकघरे चालतात. ज्या गावा-वाड्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचे अर्ज, मोर्चे आणि बैठका वर्षानुवर्षे चालू राहिल्या. धरणाचा काठ पाहायला सुंदर आहे. तो कोणत्याही शहराच्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत असत नाही.

आता शहराच्या काठाकडे वळू. मुंबईचा मरीन ड्राइव्ह हा नागरी औदार्याचा नमुना म्हणून दाखवला जातो आणि तसा तो आहेही, पण त्याचा जन्म औदार्यातून झालेला नाही. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढावी आणि ती विकून नफा करावा, हा बेत 1860 च्या दशकातील कापसाच्या सट्ट्यात पहिल्यांदा रंगला आणि 1865 च्या घसरणीत बुडाला. 1920 च्या दशकात सरकारने तो पुन्हा हाती घेतला, त्यात इतकी उधळपट्टी आणि गैरव्यवहार झाला की वीर नरिमन यांनी त्यावर रान उठवले, आणि ठरवलेल्या जमिनीचा एक भागच भरून झाला. त्या अर्धवट राहिलेल्या व्यवहाराच्या कडेला जो रस्ता आणि समुद्राकडे पाठ किंवा तोंड करून बसता येईल असा जो रुंद कट्टा उभा राहिला, तो मुंबईला मिळालेले सर्वांत मोठे दान ठरला. समोरच्या आर्ट डेको इमारती 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. पण त्यांत राहणाऱ्याइतकाच त्यांच्याकडे पाठ करून बसणाऱ्याला तेथील हवेवर हक्क आहे. कर्जतहून मजुरीला आलेले जोडपे तेथे तासभर बसले तर त्यांना कोणी पावती मागत नाही.

पहिल्या प्रश्नाला मरीन ड्राइव्ह असे खणखणीत होकारार्थी उत्तर देतो, दुसऱ्याला नाही. कट्ट्यावर विक्रीस मनाई आहे. चहाची किटली आणि शेंगदाण्यांची टोपली तेथे लपतछपत फिरते आणि पालिकेची गाडी दिसली की पांगते. गिरगाव चौपाटीवर भेळवाल्यांना ठरीव जागा आहे, पण ती पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट. नवख्याला तीत शिरकाव नाही. ठाण्याची तलावपाळी या बाबतीत अधिक सैल आहे. मासुंदा तलावाभोवती संध्याकाळी गाड्या लागतात, होड्या चालतात, माणसे खातात आणि तेथील अव्यवस्थेबद्दल तक्रारही करतात.

जगात अन्यत्र काठांना हे नवे रूप आले, त्याचे कारण एक पोलादी खोका आहे. कंटेनर आल्यावर शहराच्या मध्यात असलेल्या जुन्या गोद्या निरुपयोगी झाल्या, जहाजे खोल पाण्याच्या नव्या बंदरांकडे गेली, आणि गोदामांच्या ओसाड रांगांचे काय करावे हा प्रश्न लंडनपासून केपटाउनपर्यंत पडला. बाल्टिमोरने 1980 मध्ये हार्बरप्लेस उभारून जे उत्तर दिले त्याची पुष्कळ शहरांनी नक्कल केली. आणि ते उत्तर देणारा जेम्स राउस हा उपनगरांत मॉल बांधूनच नावारूपाला आलेला गृहस्थ होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. म्हणजे मॉल आणि जलकाठ हे एकाच घराण्यातले भाऊ होत. एकाने छताखाली दुकाने मांडली, दुसऱ्याने आभाळाखाली. मुंबईची जहाजेही अशीच हलली, ती कर्जत-खालापूरच्याच जिल्ह्यात: उरण तालुक्यातील न्हावाशेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले. शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या विस्तीर्ण जमिनीवर लोकांना काठ खुला करण्याच्या योजना तेव्हापासून निघत आल्या आहेत आणि बहुतांशी कागदावर राहिल्या आहेत. पश्चिमेस मात्र किनारी रस्ता झाला आणि त्याच्या कडेची पायवाट 2025 मध्ये चालणाऱ्यांना मोकळी झाली. वरळीच्या कोळ्यांनी त्याआधी आपल्या होड्या जाण्यायेण्यासाठी पुलाच्या खांबांतील अंतर वाढवून मागितले होते. बराच काळ झगडून त्यांनी ते मिळवले. पाण्याच्या कडेला पाहण्यासाठी येणारे आणि पोटासाठी येणारे, असे दोन वर्ग सर्वत्र असतात, आणि आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर पहिल्याचीच चित्रे असतात.

अहमदाबादेत हे सर्वांत स्पष्ट दिसते. साबरमतीच्या दोन्ही तीरांना अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीची बांधीव भिंत आणि फिरण्याचा रस्ता करून ते शहर देशाचा आदर्श ठरले. पात्रात जे भरलेले पाणी दिसते ते नर्मदेच्या कालव्याचे. तीरावरच्या झोपड्यांतील हजारो कुटुंबे दूरच्या वसाहतींत गेली. एलिस पुलाखाली रविवारी भरणारा गुजरी बाजार, ज्याचा आरंभ शहराचा संस्थापक सुलतान अहमदशहा याच्या काळापर्यंत नेला जातो, तो मात्र विक्रेत्यांनी न्यायालयात दाद मागितल्यामुळे तीरावरच, पण नव्या आखीव जागेत, टिकला. 2022 मध्ये खुला झालेल्या अटल पुलावर चालण्यास तिकीट आहे. पायी पूल ओलांडण्याचे पैसे पडावेत, हे मला या साऱ्या प्रकल्पातील सर्वांत नवलाचे वाटते. पुण्यात मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठांचे असेच काम सुरू झाले आहे आणि झाडे, पूररेषा व पात्राची रुंदी यांवरून नागरिक त्याविरुद्ध उभे आहेत.

या सगळ्यांच्या तुलनेत नाशिकचा गोदाघाट गबाळा आहे. त्याच घाटावर श्राद्धे होतात, कपडे धुतले जातात, पर्यटक रामकुंड पाहतात आणि बुधवारी आठवडे बाजार भरतो. पूर आला की नदी सारे धुऊन नेते आणि ओसरल्यावर विक्रेते परत आपापल्या जागी येतात. सुशोभनाचे आराखडे तेथेही आले आहेत. तरी माझ्या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी होकार देणारा महाराष्ट्रातील मोठा काठ मला तोच दिसतो, आणि तो कोणा वास्तुकाराने रचलेला नाही, हे त्या व्यवसायातील मंडळींनी मनाला लावून घेऊ नये.

ठाकुरवाडीचा स्वतःचा काठ पावसाळ्यात उघडतो. जूनचा पाऊस स्थिरावला की भिवपुरीचा धबधबा, सोलनपाड्याचे धरण, खोपोलीजवळचा झेनिथ धबधबा अशा ठिकाणी शनिवार-रविवारी शहर लोटते. वाड्यांतील कुटुंबे ताडपत्री टाकून भजी, चहा, भाजलेली कणसे विकतात; या चार महिन्यांतल्या मोजक्या रविवारांवर मुलांच्या शाळेचा खर्च निघतो. मग कोणीतरी दारूच्या नशेत डोहात उतरतो, किंवा वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाने ओढा क्षणात फुगतो, आणि प्राणहानी होते. जवळजवळ दरवर्षी प्रशासन मनाई हुकूम काढते, वाटेवर पोलीस उभे राहतात आणि पर्यटकांबरोबर ताडपत्र्याही गुंडाळल्या जातात. हुकूम अनाठायी नाही. जीव जातात हे खरे आहे. पण वाडीतल्या पोराला कोणता दगड निसरडा आणि कोणत्या ढगानंतर पाणी वाढते हे ठाऊक असते, आणि त्याला जीवरक्षक म्हणून पगारावर ठेवण्याची तजवीज मनाईइतकी सोपी नाही, म्हणून ती सहसा सुचत नाही. याच खालापूर तालुक्यात 2013 मध्ये इमॅजिका नावाचे करमणूक-उद्यान झाले आणि पुढे त्याच्या शेजारी जलक्रीडेचे उद्यानही. तेथे पाणी ठरल्या वेळी ठरल्या उंचीवरून पडते, जीवरक्षक शिटी घेऊन उभा असतो आणि तिकीट असते. आसपासच्या वाड्यांतील काही तरुण तेथे नोकरीला आहेत. म्हणजे मॉलची व्यवस्था आणि काठाची मौज यांचा संगम शेवटी घाटाच्याच पायथ्याशी झाला, फक्त कुंपणाच्या आत.

राहिला पाटीचा प्रश्न. पहिल्या पावसाबरोबर रानात शेवळे निघते, त्याची खाज मोडणारे काकड त्याच सुमारास मिळते, मागोमाग कोरल, टाकळा, भारंगी, कुर्डू येतात. ठाकूर बायका ते खुडून, जुड्या बांधून कर्जत, नेरळ, चौक, खोपोलीच्या बाजारात बसतात. ज्यांना अधिक भाव हवा त्या पहाटेच्या लोकलने कल्याण, ठाणे, दादर गाठतात. गावच्या बाजारात वसुलीचा मक्ता घेतलेला माणूस येतो, पावती फाडतो, पाच-दहा रुपये घेतो आणि जातो. त्या पावतीने दिवसभराचा बसण्याचा हक्क पक्का होतो. शहरात अशी पावती मिळत नाही. तेथे स्थानकाबाहेर, पुलाच्या पायरीवर, बंद दुकानाच्या फळीपुढे बसायचे आणि पाटी जप्त होण्यापूर्वी ती रिकामी करायची, हा शिरस्ता. याच शेवळ्याची भाजी नंतर मॉलमधल्या एखाद्या उपाहारगृहात पावसाळी विशेष म्हणून वाढली जाते आणि तिच्या एका ताटलीत पाटीभर जुड्यांचे पैसे वसूल होतात. पाटी मात्र दारातल्या तपासणीपलीकडे गेलेली नसते.

2014 मध्ये संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केला, तो चांगला आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, त्यांची पाहणी होऊन दाखले द्यावेत, विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेल्या समितीने जागा ठरवाव्यात, असे त्यात आहे. त्यातच दाखला मागणाऱ्याने हमीपत्र द्यायचे असते की, उपजीविकेचे दुसरे साधन आपल्यापाशी नाही. ठाकूर बाई पावसाळ्यात नाचणी आणि वरीची लावणी करते, सुगीनंतर वीटभट्टीवर किंवा मजुरीला जाते, आणि मधले काही आठवडे रानभाजी विकते. तिच्यापाशी चार साधने आहेत, चारही अपुरी. तिने खरे लिहिले तर तिला दाखला मिळण्याची वाट तेथेच बंद होते. तिच्यासाठी सरकारने वेगळी सोय केली आहे, ती रानभाजी महोत्सवाची. कृषी खात्यातर्फे तो बहुधा 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास शहराशहरांत भरतो, सभागृहात मेज मांडले जाते, पाट्यांना लेबले लागतात, अधिकारी येतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. शेवळ्याचा हंगाम तोवर संपलेला असतो.